बंदुकीचा बार आणि शेतकऱ्याचे कान

शेतांतील वस्तीवर राहणाऱ्या आमच्या कित्येक वाचकांकडे परवान्याची बंदूक असते. रानडुकरांपासून पिकाचें व चोरांपासून घराचें रक्षण हा तिचा हेतु. ती घेतांना किंमत, पल्ला, वजन व काडतुसें यांचा विचार सर्वजण करितात; परंतु तिच्या आवाजानें घेणाऱ्याच्या कानांचें काय होईल, हा प्रश्न दुकानांत सहसा कोणी विचारीत नाहीं. म्हणून या विषयाचा थोडा खुलासा करण्याचें आम्ही योजिलें आहे.

आवाज डेसिबल या मापानें मोजतात. साधें बोलणें सुमारें ६० डेसिबल असतें. उघड्या ट्रॅक्टरवर बसणाऱ्याच्या कानाशीं ९० ते १०० डेसिबल आवाज होतो. हें माप सरळ चढत नाहीं. दर १० डेसिबलांस ध्वनीची शक्ति दहापट होते. बारा बोराच्या बंदुकीचा बार, तो उडविणाऱ्याच्या कानाशीं, १५० डेसिबलांच्याही वर जातो. १४० डेसिबलांवरील क्षणिक आवाज उघड्या कानावर एकदांही पडूं देऊं नये, असा कामगारांच्या आरोग्यासंबंधीं दंडक आहे. ट्रॅक्टर जें नुकसान वर्षानुवर्षें करितो, तें बंदूक एका क्षणांत करूं शकते.

तें कसें होतें हें पाहूं. कानाच्या आंत शंखाच्या आकाराची एक पोकळी असून तींत सुमारें १५,००० सूक्ष्म केसाळ पेशी असतात. आवाजाच्या लाटेनें त्या हलतात व मेंदूस वर्दी देतात. मोठा बार झाला म्हणजे वादळानें गहूं लोळावा तशा त्या लोळतात. कांहीं पुन्हां उभ्या राहतात. पण ज्या मेल्या त्या मनुष्याच्या कानांत पुन्हां उगवत नाहींत. शेत पुढल्या हंगामीं पेरतां येतें, हें पेरतां येत नाहीं. प्रथम उंच स्वर जातात. रातकिडे ऐकूं येईनासे होतात. मग स, श, फ हीं अक्षरें अस्पष्ट होऊन ‘ऐकूं येतें, पण समजत नाहीं’ अशी तक्रार सुरू होते. कित्येकांच्या कानांत कायमची गुणगुण राहते. उजव्या खांद्यावरून बार काढणाऱ्याचा डावा कान अधिक बिघडतो, कारण तो नळीच्या तोंडाकडे असतो व उजव्यास डोक्याचा आडोसा मिळतो.

आतां निवडीकडे वळूं. १९५९ च्या शस्त्रकायद्यांत परवान्यासंबंधीं बोलतांना रक्षणासाठीं २० इंचांहून कमी नसलेल्या, गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा, आणि पिकाच्या राखणीसाठीं ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे. बाजारांत २८ व ३० इंची नळ्याही मिळतात. आखूड बंदूक, म्हणजे पूर्वींच्या घोडेस्वारांच्या कडाबिनीसारखी, दारांतून व खोलींत चटकन फिरवितां येते हें खरें. परंतु नळी लांब असली म्हणजे जळलेल्या दारूच्या वायूस पसरावयास अवकाश मिळतो, बाहेर पडतांना त्याचा दाब उतरलेला असतो, आणि तोंडही कानापासून वीतभर दूर राहतें. ज्याची राखण मुख्यतः उघड्या शेतांत, त्यानें लांब नळी घ्यावी असें आमचें मत आहे. मात्र लांब नळीचा किंवा ठासणीचा बारही उघड्या कानास निर्धोक नव्हे. जवळची नळी कापून आखूड करणें हा कायद्यानें गुन्हा आहे. आणि आवाज दाबणारें साधन त्याच कायद्यानें बंदुकीतच मोडतें, म्हणून तोही मार्ग मोकळा नाहीं.

जागेचाही विचार करावा. उघड्यावर आवाज पसरून जातो. खोलींत किंवा पत्र्याच्या छपराखालीं तो भिंतींवरून परत कानावर येतो. शेजारीं निजलेल्या मुलांच्या व वृद्धांच्या कानांसही तोच धक्का बसतो.

उपाय स्वस्त आहे. फुगणारे फेसाचे बोळे मिळतात. बोळा बोटांत वळून बारीक करावा, कान वर व मागें ओढून आंत सारावा, आणि फुगेपर्यंत बोटानें धरून ठेवावा. त्यावर कान झांकणारे टोप घातल्यास रक्षण आणखी वाढतें. लहान आवाज ऐकूं देऊन मोठा अडविणारे विजेचे टोपही आतां मिळतात. रात्रीं माळ्यावर बसणाऱ्यास ते विशेष उपयोगी. कापसाच्या बोळ्यावर विसंबूं नये. त्यानें फारच थोडा आवाज अडतो. घरांत चोर शिरला असतां बोळे घालण्यास वेळ मिळेलच असें नाहीं. पण राखणीस बसतांना व सराव करितांना वेळ असतोच, आणि बहुतेक बार त्याच वेळीं होतात.

बार काढल्यावर कान बंद झाल्यासारखा वाटला किंवा वाजूं लागला, तर कोमट तेल घालण्याचा रिवाज आहे. तो सोडावा, पडदा फाटला असल्यास त्यानें अपाय होतो. एक दिवसांत कान पूर्ववत् न झाल्यास विलंब न लावितां कानाच्या डॉक्टराकडे जावें.

परवान्याचा अर्ज करणाऱ्या वाचकांनीं नळीची लांबी आवाजाच्या दृष्टीनेंही पाहावी, व काडतुसांबरोबर बोळेही घरीं आणावे, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.