माशांच्या पेटीतला कोळसा

माझा भाचा मुलुंडला राहतो. दोन खोल्यांचे बिऱ्हाड आणि खिडकीपाशी काचेच्या पेटीत चार सोनेरी मासे. मागच्या पावसाळ्यात त्याच्याकडे गेलो, तर पेटी रिकामी आणि धाकटी मुलगी रुसलेली. पाणी गढूळ दिसले म्हणून रविवारी घरच्यांनी पेटी, वाळू, गाळणीचा स्पंज असे सगळे नळाखाली लख्ख धुतले आणि नळाचेच पाणी भरून मासे सोडले. गाळणीत दुकानातून आणलेला कोळसाही घातला. एक मासा त्याच रात्री गेला, बाकीचे तीन आठवडाभरात.

“मामा, स्वच्छ पाणी दिलं, वर कोळसा दिला, मग मेले कशानं?” भाच्याने विचारले.

मुंबईकरांना वैतरणेसारख्या लांबच्या धरणांचे पाणी येते. भांडुपच्या केंद्रात तुरटीने त्यातला गाळ बसवतात, पाणी गाळतात आणि रोगजंतू मरावेत म्हणून क्लोरीन घालतात. माणसाला ते हिताचेच. पण मासा कल्ल्यांनी श्वास घेतो, आणि क्लोरीन नेमके कल्ल्यांनाच भाजते. पहिला मासा त्याने गेला असावा. कोळसा क्लोरीन काढतो हे खरे, पण सगळे पाणी गाळणीतून फिरायला वेळ लागतो. तोवर मासा पाण्याबाहेर ठेवावा लागतो, म्हणजे जुन्याच पाण्याच्या बादलीत.

हा कोळसा चुलीतला नव्हे. नारळाच्या करवंट्या कमी हवेत जाळून कोळसा करतात, मग आठ-नऊशे अंश उष्णतेला त्यावर वाफ सोडतात. त्याने त्यात असंख्य बारीक छिद्रे पडतात. ही छिद्रे उलगडून पसरली तर एका ग्रॅमची जागा पाच ते दहा गुंठे भरेल! म्हणजे चिमटीभर कोळशात आपल्या भावकीत भांडण लावण्याइतकी जमीन. पाण्यातला पिवळेपणा, वास, औषधांचे अंश या जागेला चिकटून बसतात. शंभर लिटरच्या पेटीला शंभर ग्रॅम पुष्कळ झाला. आधी धुऊन काळी पूड काढावी, जाळीच्या पिशवीत भरून स्पंजच्या पुढे, म्हणजे गाळलेल्या पाण्यात ठेवावा आणि तीन-चार आठवड्यांनी बदलावा. जागा भरली की तो कोळसा नुसता ओझे.

मासे आजारी पडून औषध घातले असेल, तर मात्र पिशवी काढून ठेवावी. नाहीतर औषध कोळशालाच लागू पडते.

आता उरलेल्या तीन माशांचे. माशाच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया सुटतो, आणि कोळसा त्याला जवळजवळ धरतच नाही. तो काम करतात जिवाणू. शेतात युरिया टाकला की त्याचा अमोनिया होतो आणि मातीतले जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. पेटीत वाळूवर आणि स्पंजवर याच जातीचे जिवाणू वसतात. भाच्याने नळाखाली धुतला तो मळ नव्हता, त्याची सगळी गडी-माणसे होती. ती पुन्हा जमायला महिना-दीड महिना लागतो. स्पंज धुवायचाच तर पेटीतून काढलेल्या पाण्यात पिळावा, आणि एका वेळी चौथाईच पाणी बदलावे.

अमोनिया धरणारा झिओलाइट नावाचा खडा मिळतो. अडचणीच्या दिवसांत तो उपयोगी, पण त्यात एक मेख आहे. तो मिठाच्या पाण्यात भिजवला की धरलेला अमोनिया सोडून पुन्हा ताजा होतो. म्हणून झिओलाइट पेटीत असताना माशांच्या आजारावर मीठ टाकले, तर सगळे विष एकदम पाण्यात उतरते.

आपल्याकडे पोरे हौसेने हंडीत, टाकीत रंगीत मासे ठेवतात. कोणी शेततळ्यावर जोडधंदा म्हणून करू पाहतो. विहिरीच्या पाण्यात क्लोरीन नसते. पण ग्रामपंचायतीने टाकीत टीसीएल पावडर टाकली असेल, तर ते पाणी पसरट भांड्यात दिवसभर उन्हात उघडे ठेवून मगच वापरावे. धंदाच करायचा असेल तर अंधेरीत वर्सोव्याला १९६१ सालापासून केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, तिथे चौकशी करावी.

भाच्याने या खेपेला पेटीत आधी ओळखीच्या एकाच्या जुन्या पेटीतला स्पंजाचा तुकडा टाकला, पंधरा दिवसांनी दोनच मासे आणले आणि खाणे बेताचे ठेवले. परवा धाकटीचा फोन आला होता. दोघेही आहेत. एकाचे नाव तिने मामाआजोबा ठेवले आहे.