दिव्यावरच्या चिलटांचा फोटो

पावसाळ्यात बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या गच्चीवर दिवा लावला की चिलटं जमायला वेळ लागत नाही. सूरसागर तलाव जवळच आहे. या चिलटांत डासांसारखे दिसणारे, पण न चावणारे कायरोनोमिडही असतात. त्यांच्या अळ्या पाण्याच्या तळच्या गाळात वाढतात. नराच्या मिशा पिसांसारख्या झुपकेदार. त्यांतला एकेक केस टिपायचा तर मॅक्रो लेन्सच हवी.

किडे दिव्यावर भाळतात, असं आपण म्हणत आलो. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात वेगवान कॅमेऱ्यांनी वेगळंच दाखवलं. उडताना किडे उजेडाकडे पाठ करतात, कारण रात्रीही आकाश जमिनीपेक्षा उजळ असतं. दिवा बाजूला असला की ते कलंडतात आणि घिरट्या घालत राहतात. तेव्हा उडत्या किड्यामागे धावू नये. दिव्याजवळ पांढरी चादर टांगावी, ते आपणहून बसतात.

एकास एक आकारात, म्हणजे किडा सेन्सरवर मूळ मापाचाच उमटतो तेव्हा, अ‍ॅपर्चर एफ-११ ठेवूनही जेमतेम सव्वा मिलिमीटर भाग स्पष्ट येतो. म्हणून कॅमेरा किड्याच्या अंगाला समांतर धरावा, ऑटोफोकस बंद करून स्वतःच किंचित पुढेमागे झुकावं आणि डोळा स्पष्ट दिसताच बटण दाबावं. एफ-२२चा मोह नको, विवर्तनाने बारकावे पुसट होतात. छोट्या फ्लॅशची ताकद १/३२ वर आणली की चमक साधारण १/१०,००० सेकंदात आटोपते. हाताची थरथर फोटोत उमटत नाही. फ्लॅशपुढे ट्रेसिंग पेपर लावावा, नाहीतर चकचकीत पाठीवर पांढरा डाग पडतो. महागड्या लेन्सपेक्षा हा कागद जास्त कामाचा, असं माझं मत. काम झालं की दिवा मालवावा, नाहीतर पालींची चंगळ.