दुधाच्या दाढेतले सिमेंट किती टिकते?

• किती काळ टिकायला हवे? दुधाचे दात 20. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात. दाढा मात्र 9 ते 12 वर्षांपर्यंत राहतात. म्हणजे चौथ्या वर्षी भरलेली दाढ पाच ते आठ वर्षे टिकायला हवी.

• कीड कुठे? फक्त चावण्याच्या बाजूचा खड्डा भरला, तर सिमेंट बराच काळ टिकते. दोन दाढांच्या फटीतले मात्र लवकर तुटते किंवा निखळते.

• भरले कशाने? ग्लास आयोनोमर ओलसर दातालाही चिकटते, फ्लोराइड सोडते, पण झिजते. कॉम्पोझिट मजबूत, मात्र भरताना दात कोरडा लागतो. चुळबुळ्या मुलांच्या बाबतीत तेच अवघड.

• कीड मोठी असल्यास? स्टीलची कॅप फिलिंगपेक्षा जास्त टिकते. स्कॉटलंडमधल्या डॉ. नॉर्ना हॉल यांच्या पद्धतीत ती भूल न देता, दात न कोरता बसवतात.

• घरी काय कराल? सिमेंटच्या कडेने पुन्हा कीड लागू शकते. दुधाची बाटली तोंडात ठेवून मुलाला झोपवू नका. फ्लोराइडयुक्त पेस्टने दोन वेळा दात घासून द्या: तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे.