हेल्मेट डोक्यासाठी, कानांचे काय?

घरात मोटारसायकल यायची असली की आठवडाभर चर्चा चालते. मायलेज किती, हप्ता किती बसेल, काळी घ्यायची की निळी, शोरूमवाला सीट कव्हर फुकट देतो का. हेल्मेटचा विषय सर्वांत शेवटी निघतो आणि तोही बहुधा दंडाच्या धाकाने. कानांचा विषय निघालेला आम्ही अजून एकाही घरात ऐकलेला नाही.

हा विषय आम्ही काढतो आहोत तो लडाखला जाणाऱ्या हौशी मंडळींसाठी नव्हे. मागे कापडाचे गठ्ठे बांधून आठवडी बाजार करणारे व्यापारी, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, तालुक्याच्या गावाहून पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या शाळेत रोज जाणारे शिक्षक, दिवसभर पार्सले पोचवणारी मुले, असे कोणी ना कोणी आपल्या प्रत्येकाच्या घरात किंवा शेजारी आहे. या लोकांचे रोजचे दोन-तीन तास हमरस्त्यावर जातात, आणि ते वर्षानुवर्षे.

कानाला त्रास होतो तो गाडीच्या आवाजाचा, असा सर्वसाधारण समज आहे. तो फारसा बरोबर नाही. कंपनीतून आलेल्या मोटारसायकलचा आवाज किती असावा याची मर्यादा सरकारने ठरवून दिलेली आहे. इंजिनाच्या आकाराप्रमाणे ती ७५ ते ८० डेसिबल आहे. गाडी ताशी ६०-६५ किलोमीटरच्या पुढे गेली की इंजिन मागे पडते आणि वारा पुढे येतो. वारा हेल्मेटच्या खालच्या कडेवर आपटून फुटतो, हनुवटीखालून आणि काचेच्या फटीतून आत शिरतो आणि कानाशेजारी घुसळत राहतो. हेल्मेट कितीही जाड असले तरी ते डोके वाचवण्यासाठी बनवलेले असते, आवाज अडवण्यासाठी नव्हे. विजेवर चालणारी दुचाकी घेतली म्हणूनही सुटका नाही. तिला इंजिनाचा आवाज नसतो, पण वारा तोच असतो.

ताशी ८० किलोमीटरला हेल्मेटच्या आत, कानापाशी, ९० डेसिबलच्या आसपास आवाज असतो. ताशी १०० ला तो ९५ च्या आगेमागे किंवा त्याहूनही वर जातो. आकडे जवळजवळचे दिसतात, पण डेसिबलचा हिशेब आपल्या नेहमीच्या बेरजेसारखा नाही. दर ३ डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. अमेरिकेतील ‘नायोश’ ही कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी सरकारी संस्था सांगते की ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत चालेल. ८८ झाला की चारच तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. म्हणजे ९५ ला पाऊण तासात दिवसभराचा वाटा संपतो. नाशिक-मालेगाव हे अंतर दुचाकीवर दोन तासांच्या आत कोणी कापत असेल असे आम्हांला वाटत नाही.

मालेगाव आणि भिवंडीच्या वाचकांना हे समजावून सांगायची गरज नाही. यंत्रमागाच्या कारखान्यातला आवाज साधारण याच पट्ट्यातला असतो. माग चालवणारा माणूस घरी आल्यावरही ओरडून का बोलतो, अम्मीने तिसऱ्यांदा हाक मारल्यावरच ‘ओ’ का देतो, हे या गावांतल्या मुलांना लहानपणापासून ठाऊक असते. फरक एवढाच की मागाचा आवाज कारखान्याबाहेर रस्त्यावरही ऐकू येतो, म्हणून त्याला सगळे आवाज म्हणतात. हेल्मेटमधला वारा एकट्यालाच ऐकू येतो, आणि पंधरा मिनिटांत त्याचीही सवय होते. जो मागावर पाळी करून पुन्हा दुचाकीने लांबच्या गावी परततो, त्याच्या कानांत दोन्हींची बेरीज होते.

कानाच्या आत, शंखासारख्या वेटोळ्यात, सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. आवाजाची लहर मेंदूला समजेल अशा खुणेत बदलण्याचे काम त्या करतात. जन्मतःच त्यांची संख्या ठरलेली असते आणि माणसाच्या कानात मेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही. लांबच्या प्रवासानंतर कानात शीळ वाजल्यासारखे होणे, सगळे आवाज कापसातून आल्यासारखे वाटणे, ही त्या पेशी थकल्याची खूण. रात्रभराच्या झोपेनंतर बहुतेक वेळा बरे वाटते, म्हणून कोणी मनावर घेत नाही. रोज थकवलेल्या पेशींपैकी काही मात्र कायमच्या जातात.

हे बहिरेपण एकदम येत नाही, आणि म्हणूनच ते बहिरेपण वाटत नाही. आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज, साधारण ४,००० हर्ट्झच्या आसपासचे. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘ख’ ही व्यंजने त्याच भागात राहतात. त्यामुळे माणसाला बोलणे ऐकू येते पण कळत नाही. आमच्या ओळखीतले एक व्यापारी तीसेक वर्षे मोटारसायकलवर बाजार करत आले. पुरुष मंडळींत त्यांचे सगळे व्यवस्थित चालते. घरी मात्र नातीचे बोलणे त्यांना उमगत नाही, कारण लहान मुलांचा आणि बायकांचा आवाज चढ्या पट्टीतला. घरच्यांचा समज असा की दादाजान हल्ली कोणाकडे लक्षच देत नाहीत. दोन वर्षे या समजावर रुसवेफुगवे चालले. नंतर तपासणी झाली आणि दोन्ही कानांच्या आलेखात त्याच ठिकाणी खड्डा सापडला.

आधी हेल्मेट

पैसे खर्च करायचे तर क्रम हेल्मेटपासून लावावा. रस्त्याकडेला टांगलेली टोपीवजा अर्धी हेल्मेटे कानाच्या दृष्टीने वाईट आणि डोक्याच्या दृष्टीने त्याहून वाईट. पूर्ण तोंड झाकणारे, हनुवटीचा कठडा असलेले, आयएसआय चिन्हाचे हेल्मेट घ्यावे. १ जून २०२१ पासून हे चिन्ह नसलेले दुचाकीचे हेल्मेट विकणेच बेकायदा आहे, तरी ती विकली जातात हा भाग वेगळा. मागे बसणाऱ्यालाही ते सक्तीचे आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर चार वर्षांवरील मुलांनाही. हेल्मेट गालाला घट्ट बसले पाहिजे. डोके हलवल्यावर ते मागाहून हलत असेल तर एक नंबर लहान बघावा. काच बंद केल्यावर खालच्या कडेला फट राहते का, हे दुकानातच बोट फिरवून पाहावे. गळ्याभोवती कापडी नळीसारखा ‘नेक ट्यूब’ घातला तर खालून शिरणारा वारा बराच थोपतो, आणि धूळही.

गाडीच्या पुढे लावायच्या काचेबद्दल दुकानदार बरेच काही सांगतो. त्या काचेची वरची कड नेमकी आपल्या हेल्मेटच्या रेषेत आली तर तिच्यावरून उसळलेला वारा थेट कानावर येतो आणि आवाज घटण्याऐवजी वाढतो. बसून पाहिल्याशिवाय ती घेऊ नये.

दहा-वीस रुपयांचा फोम

एवढे करूनही आवाज मर्यादेत येत नाही. त्यासाठी इअरप्लगच लागतात. सर्वांत स्वस्त ते फोमचे. औषधाच्या दुकानात, किंवा हातमोजे-गमबूट असे सेफ्टीचे सामान विकणाऱ्या दुकानात दहा-वीस रुपयांना जोडी मिळते. पाकिटावर ‘एनआरआर’ म्हणून एक आकडा असतो, २९ किंवा ३३ असा. तेवढा आवाज कमी होईल असे समजू नये, तो प्रयोगशाळेतला आकडा आहे. त्यातून ७ वजा करून राहिलेल्याचे निम्मे करावे. २९ च्या प्लगने व्यवहारात ११ डेसिबल धरावेत. तेही थोडे नाहीत. ९५ चे ८४ झाले की पाऊण तासाची मर्यादा आठ तासांच्या पलीकडे जाते.

अट एकच, ते नीट घातले पाहिजेत. बहुतेक जण फोम कानाच्या तोंडाशी दाबून ठेवतात आणि दोन दिवसांनी ‘काही फरक पडत नाही’ म्हणून फेकून देतात. स्वच्छ, कोरड्या हातांनी फोम वळून उदबत्तीसारखा बारीक करावा. उजव्या कानात घालताना डावा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढावी, म्हणजे कानाची वाकडी नळी सरळ होते. मग फोम आत सरकवून तो फुगेपर्यंत, वीस-तीस सेकंद, बोटाने धरून ठेवावा. दोन्ही तळवे कानांवर दाबून पाहावेत. दाबल्याने आवाजात फारसा फरक पडला नाही तर प्लग बरोबर बसला. काढताना हिसका मारू नये, हळूच पिळत काढावा, नाहीतर पडद्यावर ओढ बसते. प्लग बाहेर डोकावत असेल तर हेल्मेट चढवताना तो दुमडतो आणि कान दुखतो. अशांनी लहान आकाराचा फोम घ्यावा.

ज्यांना फोम वळण्याचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी तीन छत्र्यांसारखे सिलिकॉनचे प्लग असतात. ते धुऊन पुन्हा वापरता येतात. खास दुचाकीस्वारांसाठी बारीक छिद्राची चाळणी बसवलेले प्लगही मिळतात. त्यांतून वाऱ्याची घरघर कमी होते आणि माणसाचे बोलणे त्या मानाने स्पष्ट येते, मात्र त्यांना हजार-दोन हजार मोजावे लागतात. कानाचा साचा घेऊन बनवलेले त्याहून महाग. रोज दोन तास हमरस्त्यावर काढणाऱ्याने महिनाभर फोम वापरून पाहावा आणि सवय लागली तरच पुढे जावे, असे आमचे मत आहे.

प्लग घातल्यावर हॉर्न ऐकू येईल का, हा प्रश्न घरातली वडीलधारी मंडळी हमखास विचारतात, आणि तो रास्त आहे. मोकळ्या रस्त्यावर वेगात असताना प्लग वाऱ्याचा आवाजही कमी करतो आणि हॉर्नचाही, त्यामुळे वाऱ्यातून हॉर्न वेगळा ऐकू येण्यात अडचण येत नाही. गॉगल लावला म्हणून समोरचा ट्रक दिसायचा थांबत नाही, तसेच हे. गावात, बाजारपेठेत, ताशी वीस-तीसच्या वेगात मात्र वाऱ्याचा आवाज नसतोच. तिथे जाड फोम घालून फिरू नये. गाव संपले की पंपावर थांबून घालावेत, गाव आले की काढावेत. ज्याला आधीच कमी ऐकू येते त्याने कानाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरूच नयेत. कान वाहतो आहे, पडद्याला छिद्र आहे किंवा कानात बुरशी झाली आहे, त्यानेही नाही. कोकणातल्या पावसाळ्यात ही बुरशी फार होते. वुजू करून लगेच निघायचे असेल तर ओल्या कानात प्लग घालू नये. मऊ कापडाने बाहेरून टिपून, थोडा वेळ जाऊ देऊन मगच घालावा.

ओढणी, टोपी आणि अत्तराचा फाया

स्कूटर चालवणाऱ्या मुलींची संख्या आपल्याकडे झपाट्याने वाढली आहे. हिजाब किंवा ओढणीवर हेल्मेट घालताना दोन गोष्टी बघाव्यात. डोक्याच्या मागे जाड गाठ आली तर हेल्मेट वर उचलले जाते आणि खालून वारा आणखी शिरतो. दुसरे म्हणजे टाचण्या. हेल्मेटच्या आत धातूची टाचणी ठेवणे अपघातात फार महागात पडू शकते. सुती, शिवणीची जाड घडी नसलेली घट्ट टोपी आत घालून त्यावर हेल्मेट, आणि उतरल्यावर वरचा हिजाब, ही पद्धत आम्हांला सोयीची वाटते. घरातल्या पुरुषांनीही कडक काठाची टोपी हेल्मेटखाली न घालता खिशात ठेवावी.

आपल्यात अत्तराचा फाया कानात खोचण्याची रीत आहे. त्या फायामुळे वारा लागत नाही, असे सांगणारे बुजुर्ग भेटतात. कापसाचा बोळा आवाज जवळजवळ अडवत नाही. फाया असेल तर तो पाळीच्या घडीतच राहू द्यावा, नळीत ढकलू नये, आणि प्लग घालण्यापूर्वी काढून ठेवावा.

तरुण मुले इअरप्लगऐवजी ब्लूटूथचे बोंडूक घालतात. वाऱ्यावर मात करायची म्हणून आवाज वाढवतात, म्हणजे एका गोंगाटावर दुसरा गोंगाट. त्यात फोन आला की लक्ष रस्त्यावरून जाते. रक्षण म्हणून त्यांचा काही उपयोग नाही. सायलेन्सर बदलून गाडी फटफट वाजवणाऱ्यांबद्दल तर काय सांगावे! पोलिसांनी असे सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याचे फोटो दरवर्षी वर्तमानपत्रांत येतात आणि पुढच्या महिन्यात तीच दुकाने पुन्हा भरलेली असतात. चालवणारा निदान स्वतःच्या हौसेने ऐकतो, गल्लीतल्या पाळण्यातल्या बाळाला तो पर्यायही नसतो.

दहा वर्षांहून अधिक काळ लांबचा प्रवास करणाऱ्याने एकदा कानांची तपासणी करून घ्यावी. तिला ऑडिओमेट्री म्हणतात. बंद खोलीत हेडफोन लावून बारीक सूर ऐकवतात, अर्ध्या तासाचे काम असते, दुखत काहीच नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे ती होते. मुंबईत वांद्र्याला महाराष्ट्राचे माजी राज्यपाल अली यावर जंग यांच्या नावाची, १९८३ साली स्थापन झालेली राष्ट्रीय संस्था आहे, तिथेही सोय आहे. मिळालेला आलेख जपून ठेवावा, म्हणजे दोन-तीन वर्षांनी पुन्हा तपासल्यावर ताडून पाहता येतो. तपासणीआधी चौदा-पंधरा तास कान गोंगाटापासून दूर असावे लागतात, नाहीतर थकलेल्या कानांचाच आलेख निघतो. म्हणून त्या दिवशी मोटारसायकल घरी ठेवून एसटीने गेलेले बरे, आणि जागा मिळाली तर इंजिनापासून लांबची.