अरबी समुद्रातले २४२

पातूरच्या डोंगरातला पाऊस शिर्ल्याच्या धरणात जरा थांबतो, मग मोर्णा होऊन अकोल्यातून जातो. मोर्णा पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला, आणि तापी सुरतेपुढे अरबी समुद्राला. तरी देवमाशांचा विषय निघाला की पारावरचं कोणीतरी म्हणतंच, "समुद्राचं आपल्याले काय घेनं बाप्पा!" ज्यांनी टीव्हीवर अंटार्क्टिकातल्या चकमकी पाहिल्यात त्यांचाही समज याच्याच शेजारचा. बेकायदा शिकार ती तिकडे बर्फात होते, जपानी करतात, आणि काळ्या झेंड्याच्या जहाजांवरचे कार्यकर्ते ती हाणून पाडतात.

यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य दुरुस्त करावं लागेल.

सुरुवात आपल्याच समुद्रापासून. १९६५-६६ मध्ये सोव्हिएत संघाच्या शिकारी ताफ्यांनी अरबी समुद्रात २४२ हंपबॅक देवमासे मारले. त्यातले चार सोडले तर बाकी सगळे एकट्या नोव्हेंबर १९६६ मधले. जागा होती ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्यांपुढचं पाणी. तरंगत्या कारखान्यांसारख्या जहाजांनी या भागात असे देवमासे मारायला आंतरराष्ट्रीय करारानुसार मनाई होती आणि त्या करारावर सोव्हिएत संघाची सही होती. मारलेल्यांचा आकडा आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाला कळवलाच गेला नाही.

ही लपवाछपवी एका समुद्रापुरती नव्हती. दक्षिण गोलार्धात २,७१० हंपबॅक मारल्याचं सोव्हिएतांनी जगाला सांगितलं होतं. खरा आकडा ४८ हजारांच्या वर निघाला. तो तरी कसा निघाला? जहाजांवर नेमलेले जीवशास्त्रज्ञ खऱ्या नोंदी ठेवत होते, आणि नोंदी नष्ट करा असा हुकूम आल्यावर त्यांच्यातल्या एकाने कागद घरच्या बटाट्यांच्या तळघरात दडवले. सोव्हिएत संघ कोसळल्यावर ती माणसं बोलू लागली. अरबी समुद्राचा हिशेब त्यांच्यातल्याच युरी मिखालेव यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केला.

त्या कत्तलीतून एक माहिती मात्र हाती आली. हंपबॅक म्हणजे खायला ध्रुवाकडे आणि विणीला उष्ण पाण्यात, असा लांबचा वार्षिक प्रवास करणारा प्राणी. इथल्यांच्या पोटात मात्र बांगडे-तारलीसारखे मासे सापडले आणि गाभण माद्यांचं वेळापत्रक उत्तर गोलार्धाचं होतं. म्हणजे हे अरबी समुद्रातच खाणारे, अरबी समुद्रातच विणारे. पुढे जनुकीय अभ्यासानेही त्यांचं वेगळेपण दाखवलं. ओमानपुढच्या पाण्यात छायाचित्रांवरून मोजणी झाली तेव्हा अंदाज आला ८२ जनावरांचा. पुढे एवढ्यावर आलेल्या कळपातून तेव्हा २४२ गेले म्हणजे काय, ते शेळ्यामेंढ्या पाळणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

आणि अडवायला कोण होतं? कोणीच नाही. ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेची रबरी बोट शिकारी जहाजाला पहिल्यांदा आडवी गेली ती जून १९७५ मध्ये, कॅलिफोर्नियापुढच्या समुद्रात. समोरचा ताफा सोव्हिएतच होता. त्या बोटीवरच्या पॉल वॉटसन यांनी १९७७ मध्ये सी शेफर्ड, म्हणजे काळ्या झेंड्याच्या जहाजांची ती संघटना, काढली.

आता अंटार्क्टिका. "तिथली शिकार उघड बेकायदा होती" हे लोकांना वाटतं तितकं सरळ नाही. व्यापारी शिकारीवरची बंदी १९८२ मध्ये ठरली आणि काही वर्षांत लागू झाली. पण १९४६ च्या त्याच आंतरराष्ट्रीय कराराच्या आठव्या कलमात 'वैज्ञानिक संशोधना'साठी मारण्याची मुभा होती. जपानने तिचाच परवाना काढला. संशोधन झालेलं मांस बाजारात जायचं, हे सगळ्यांना दिसत होतं. पण हातात कागद होता. उलट कार्यकर्त्यांनी सडक्या लोण्याच्या वासाच्या आम्लाच्या बाटल्या फेकल्या, पंख्यात अडकवायला दोर टाकले. जानेवारी २०१० मध्ये त्यांची 'अ‍ॅडी गिल' बोट जपानी जहाजाशी धडकून फुटली आणि बुडाली. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने चाचे ठरवलं ते त्यांनाच.

शिकारीला बेकायदा म्हटलं ते हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने, ३१ मार्च २०१४ रोजी. ऑस्ट्रेलियाने दावा लावला होता. बारा विरुद्ध चार मतांनी निकाल लागला की हा कार्यक्रम संशोधनासाठी नाही. त्या बारांत मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश दलवीर भंडारी होते. मला स्वतःला दोर टाकणाऱ्यांचं धाडस भावतं. त्यांच्यामुळेच दूरच्या बर्फातली गोष्ट घरोघरी पोचली. पण परवान्याचा आधार काढून घेतला तो कागदपत्रं मांडणाऱ्यांनी.

तेवढ्याने शिकार थांबली असंही नाही. जपानने एक हंगाम सोडून नवा कार्यक्रम आखला आणि २०१९ मध्ये आयोगच सोडला. १ जुलैपासून स्वतःच्या सागरी हद्दीत उघड व्यापारी शिकार सुरू केली. नॉर्वे बंदीवर हरकत नोंदवून मारतं. त्यामुळे "आज देवमासा मारणं जगभर गुन्हा आहे" हेही खरं नाही. भारतात मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.

आपल्याकडच्या बातम्यांत देवमासा येतो तो कोट्यवधींच्या 'उलटी'मुळे. ते अंबर स्पर्म व्हेलच्या आतड्यात, न पचलेल्या माखळ्यांच्या चोचींभोवती साचत जातं, तेही मोजक्याच देवमाशांमध्ये. किनाऱ्यावर सापडलं म्हणून ते सापडणाऱ्याचं होत नाही. विकलं तर कोठडी. 

नोव्हेंबर २०१७ मध्ये ओमानजवळ अरबी समुद्रातल्या त्याच कळपातल्या एका हंपबॅक मादीच्या पाठीवर उपग्रहाला खूण पाठवणारं यंत्र लावलं गेलं. तिचं नाव लुबान, म्हणजे दर्ग्यात जळतो त्या लोबानाचंच अरबी रूप. ती अरबी समुद्र ओलांडून भारताच्या दक्षिण टोकापर्यंत गेली, आणि परत ओमानला आली.