प्रौढांचा बाप्तिस्मा: घाई नाही!

कॅथलिक व्हायची इच्छा सांगितली आणि पुढच्याच रविवारी बाप्तिस्मा उरकला, असं प्रौढांच्या बाबतीत सहसा होत नाही. आधी शंका विचारण्यासाठी भेटीगाठी, मग रीतसर धर्मशिक्षण. त्यात महिनोन्‌महिने जातात. ‘प्रेषितीय परंपरा’ या प्राचीन ग्रंथात तर तीन वर्षांची मुदत आहे. ग्लॅडिएटर असाल तर आधी धंदा सोडा, ही अटही त्यातलीच!

मध्ययुगात मागे पडलेली ही टप्प्याटप्प्याने तयारीची पद्धत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने पुन्हा सुरू करायला सांगितली. नवा विधी १९७२मध्ये आला.

खरा कस लागतो ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात. सुरुवातीलाच बिशप उमेदवारांची निवड जाहीर करतात. पुढे तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी आत्मपरीक्षणाचे विधी होतात. सोबतीला धर्मपिता किंवा धर्ममाता असते. ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्मा, दृढीकरण आणि पहिला ख्रिस्तप्रसाद हे तिन्ही संस्कार एकत्र मिळतात. संत ऑगस्टीन यांचा बाप्तिस्माही ३८७मध्ये मिलानला अशाच रात्री झाला होता.

दुसऱ्या ख्रिस्ती पंथात वैध बाप्तिस्मा झालेला असेल, तर तो पुन्हा देत नाहीत.

फ्रान्समध्ये २०२५च्या ईस्टरला दहा हजारांहून अधिक प्रौढांनी बाप्तिस्मा घेतला. नवख्यांचं शिक्षण मात्र बाप्तिस्म्यापाशी थांबत नाही. ईस्टरनंतरच्या पेन्टेकॉस्ट सणापर्यंत ते चालूच राहतं.