जांघेतले दोन सेंटिमीटर

व्हेरिकोज व्हेन्ससाठी पायातली नीला ओढून काढण्याची जुनी शस्त्रक्रिया १९९९च्या सुमारास मागे पडू लागली. आता गुडघ्याजवळ सुई टोचून नीलेत बारीक नळी सरकवतात आणि लेझरच्या किंवा रेडिओलहरींच्या उष्णतेने ती आतून बंद करतात. माणूस त्याच दिवशी चालत घरी जातो. जाहिरातींत हे सगळं असतं. रक्ताच्या गुठळीचं नाव मात्र सहसा नसतं.

रक्त नको तिथे का गोठतं, याची तीन कारणं रुडॉल्फ फिर्खो या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जातात : थबकलेला प्रवाह, दुखावलेली भिंत आणि गोठण्याकडे झुकलेलं रक्त. या उपचारात पहिली दोन आपण मुद्दाम घडवून आणतो. त्यामुळे बंद केलेल्या नीलेत रक्त साकळलं तर घाबरण्याचं कारण नाही.

प्रश्न सीमेचा आहे. घोट्यापासून वर येणारी ही नीला जांघेत मांडीच्या खोल नीलेला मिळते. म्हणून उष्णता देणारं टोक सोनोग्राफीत पाहून त्या संगमापासून दोन-अडीच सेंटिमीटर अलीकडे ठेवतात. तरीही कधी गुठळीचं शेपूट खोल नीलेत डोकावतं. त्याच्या चार पायऱ्या मानतात. संगमापर्यंतच असेल तर पहिली, खोल नीलेची निम्म्याहून कमी पोकळी अडली तर दुसरी, निम्म्याहून जास्त अडली तर तिसरी आणि पूर्ण बंद झाली तर चौथी. पहिलीला औषध लागत नाही, दुसरीवर बहुधा नजर ठेवतात, तिसरीपासून रक्त पातळ करणारी औषधं येतात. यातल्या बहुतेक गुठळ्या काही आठवड्यांत आपणहून मागे सरतात. सोळा हजारांवर रुग्णांच्या २०१८च्या एकत्रित विश्लेषणात दुसरी ते चौथी पायरी सुमारे १.४ टक्के जणांत दिसली. गुठळी फुप्फुसापर्यंत जाण्याचं प्रमाण हजारात एकाच्या आसपास होतं.

तो हजारातला एक कोण, याचा अंदाज बऱ्याचदा आधीच बांधता येतो. पूर्वी झालेली गुठळी, कर्करोग, स्थूलपणा, घराण्यातला इतिहास. आणि गोळ्या. सणासुदीला पाळी पुढे ढकलण्यासाठी घेतलेली गोळी बायका औषधांत मोजतच नाहीत, डॉक्टरही विचारत नाहीत. त्या गोळीतल्या नोरएथिस्टेरॉनचा थोडा अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, आणि इस्ट्रोजेनने रक्त गोठण्याकडे झुकतं. उपचाराची तारीख गणपतीच्या आगेमागे असेल तर हे आवर्जून सांगावं.

उष्णता नको म्हणून फेसाचं इंजेक्शन किंवा वैद्यकीय गोंद निवडला, तरी गुठळीची शक्यता उरतेच.

उपचारानंतर आठवड्याभरात प्रत्येकाची सोनोग्राफी करावी का, यावर मतभेद आहेत. सरासरी जोखमीच्या, काही त्रास नसलेल्या रुग्णाला ती सरसकट नको, अशी अलीकडची अमेरिकी शिफारस आहे. मला ती पटते. आपोआप जिरणारी गुठळी शोधून माणसाला महिनोन्‌महिने औषधांवर ठेवण्यात काय हशील? अट एवढीच, की घरी जाताना त्याला धोक्याची लक्षणं नीट सांगितलेली असावीत. त्याने त्याच दिवसापासून चालावं, कारण पोटरीचे स्नायू आकसले की खोल नीलेतलं रक्त वर ढकललं जातं. लांबचा विमान किंवा बसप्रवास काही आठवडे टाळता आला तर बरं. एकच पोटरी अचानक सुजली, ताठरली तर तेल लावून चोळत बसू नये, त्याच दिवशी दाखवावं. धाप लागली किंवा श्वास घेताना छातीत दुखलं, तर सकाळची वाट न पाहता थेट इस्पितळ गाठावं.